मार्क जास्त, पर्सेंटाइल कमी!

प्रश्न : माझ्या मुलीने यंदा पीसीएम ग्रुपची सीईटी दिली. उत्तरतालिका बघून तिने हिशेब केला, तर २०० पैकी ११८ मार्क झाले. लातूरला शिकणाऱ्या माझ्या भाच्याचे झाले १११. निकाल लागला तेव्हा मुलीला ९१.९० पर्सेंटाइल आणि भाच्याला ९२.६०! सात मार्क जास्त मिळवून मुलगी मागे कशी? वहिनी म्हणतात, "कॉम्प्युटर कधी चुकत नाही." आमच्या वेळी सगळ्यांना एकच पेपर असायचा, असलं काही नव्हतं. नक्की भानगड काय आहे?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, मुलीचा हिशेब बरोबर असेल आणि तरी निकालही बरोबरच असेल. वहिनींच्या वाक्याकडे आपण जरा उशिरा वळू.

कोडं असं की परीक्षा एक, मार्क जास्त, तरी नंबर मागे. यातला पहिलाच शब्द तपासून घ्या. दोघांची हॉल तिकिटं शेजारी शेजारी ठेवा. तारीख वेगळी निघेल, नाहीतर शिफ्ट. म्हणजे नाव एक असलं तरी दोघांनी सोडवलेले पेपर वेगळे होते. ज्या पेपरात मुलीने ११८ मिळवले, तो भाच्याने पाहिलेलाही नाही.

शिफ्ट आल्या कुठून? तुमच्या वेळी सीईटी कागदावर व्हायची आणि उत्तरं ओएमआर शीटवर गोल भरून द्यायची. कागद हवा तितका छापता येतो आणि बाकं तर गावोगावच्या शाळांत असतातच. त्यामुळे सगळ्या महाराष्ट्राला एकाच वेळी बसवता येत असे. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर गेली. आता पीसीएमला चार लाखांहून अधिक मुलं नाव नोंदवतात आणि एकाच वेळी एवढ्यांना पुरतील इतके परीक्षेला साजेसे, जोडलेले, वीज गेली तरी चालू राहणारे संगणक राज्यात नाहीत. म्हणून परीक्षा कित्येक दिवस, सकाळ-दुपार अशी चालते. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा अजून कागदावर होते, म्हणून देशभरातली वीस लाखांहून अधिक मुलं एकाच दुपारी बसू शकतात.

बरं, शिफ्ट वेगळ्या असल्या तरी पेपर एकच ठेवला तर? तर सकाळची बॅच बाहेर पडून वडापाव खाईपर्यंत निम्मे प्रश्न व्हॉट्सॲपवर फिरतील. तेव्हा दर शिफ्टला पेपर वेगळा हवाच. आणि दोन पेपर तंतोतंत सारख्या काठिण्याचे निघत नाहीत, हे कुठल्याही शाळेतला पेपर काढणारा शिक्षक सांगेल. मग सोप्या पेपरातले ११८ मोठे की अवघड पेपरातले १११? नुसत्या मार्कांवरून हे ठरवता येत नाही.

इथे पर्सेंटाइल कामाला येतं. त्याचं गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क किती जणांना पडले ते मोजायचं, शिफ्टमधल्या एकूण परीक्षार्थींनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. समजा, मुलीच्या शिफ्टमध्ये २०,००० जण बसले आणि त्यातल्या १८,३८० जणांना ११८ किंवा त्याहून कमी पडले. झाले ९१.९०. भाच्याच्या शिफ्टमध्येही २०,००० जण होते, पण पेपर जड गेला आणि १८,५२० जण १११ किंवा त्याच्या खाली राहिले. झाले ९२.६०. म्हणजे मुलीच्या पुढे तिच्या शिफ्टमधले १,६२० जण आहेत आणि भाच्याच्या पुढे त्याच्या शिफ्टमधले १,४८०. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, प्रत्यक्ष शिफ्ट लहानमोठ्या असतात.)

पीटीच्या तासाला उंचीप्रमाणे उभं करतात ना, तसं समजा. सर टेप लावत नाहीत, फक्त कोण कोणाच्या पुढे ते बघतात. पर्सेंटाइलही मुलीला किती येतं ते सांगत नाही, तिच्या रांगेत ती कुठे उभी आहे एवढंच सांगतं.

आता खरी मेख. दोन रांगांमधल्या जागांची तुलना करायची, तर दोन्ही रांगांत हुशार, मध्यम आणि काठावरची मुलं साधारण सारख्या प्रमाणात असायला हवीत. हा या सगळ्या पद्धतीचा पाया आहे. म्हणून कोणाला कुठली शिफ्ट, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. शिफ्ट हजारोंची असेल तर सरासरी आपोआप जुळते, शे-दोनशेंची असती तर हा हिशेब डळमळला असता. "सकाळची शिफ्ट सोपी असते", "शेवटच्या दिवशी पेपर अवघड काढतात" असल्या गोष्टी क्लासच्या पायऱ्यांवर दरवर्षी ऐकू येतात. पेपर सोपा निघाला तर तो त्या शिफ्टमधल्या सगळ्यांनाच सोपा जातो, तेव्हा त्याचा एकट्यादुकट्याला फायदा होत नाही.

एक समज इथेच काढून टाकू, कारण बारश्यापासून लग्नापर्यंत तो सगळीकडे भेटतो. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के नव्हेत. तुमच्या मुलीचे मार्क टक्क्यांत ५९ भरतात. आणि सीईटीचे ९२ व जेईई मेनचे ९२ हेही एक नव्हेत. जेईईला देशभरातून दहा लाखांहून अधिक मुलं बसतात, तिथली गर्दी वेगळी, म्हणून रांगेतली जागाही वेगळी.

दशांश चिन्हापुढे सात आकडे कशाला, असंही पुष्कळ जण विचारतात. चार लाखांच्या यादीत एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुलं. तुमच्या घरातलं ०.७० चं अंतर म्हणजे गुणवत्ता यादीत सुमारे २,८०० जागांचं. दोनच दशांश छापले तर चाळीस-चाळीस मुलं एका आकड्यावर गोळा होतील आणि कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीला, जागा कोणाला द्यायची ते कळणार नाही. यात थोडी गंमत आहे. एका जादा प्रश्नावर टिचकी मारली की मधल्या पट्ट्यात हजारो जागा वरखाली होऊ शकतात, तरी सात आकडी संख्या दिसली की ती सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखी वाटते. तो नेमकेपणा मोजणीचा आहे, मुलीच्या ज्ञानाचा नाही.

निकालपत्रावर विषयवार पर्सेंटाइलही छापलेले असतात. त्यांची सरासरी काढून एकूण आकडा जुळवू नका, जुळणार नाही. एकूण पर्सेंटाइल एकूण मार्कांवरून स्वतंत्रपणे काढतात. तिन्ही विषयांत बरा असलेल्या मुलाचा एकूण आकडा त्याच्या सरासरीहून वर जातो, कारण तीनही ठिकाणी बरी असणारी मुलं मुळात थोडी असतात.

आणि शंभर पर्सेंटाइलवाल्यांचे फ्लेक्स? प्रत्येक शिफ्टमध्ये जो पहिला, त्याला शंभर. मग त्याचे मार्क २०० पैकी १९८ असोत की १८७. जितक्या शिफ्ट, तितके किमान शंभरवाले. लातूर-नांदेडच्या चौकांत एवढे "राज्यात पहिले" एकाच वेळी कसे झळकतात, याचं हे एक कारण. पद्धत थिटी पडते ती नेमकी इथे, टोकाला. मधल्या हजारोंसाठी ती पुरेशी न्याय्य आहे. अगदी वरच्या शे-दीडशे मुलांत मात्र कोण खरंच सरस, हे ती सांगू शकत नाही.

याहून बरी पद्धत नाही का? आहे. अमेरिकेतल्या सॅटसारख्या परीक्षांत प्रश्न आधी हजारो मुलांवर तपासून त्यांचं काठिण्य ठरवलेलं असतं, आणि अवघड पेपर सोडवणाऱ्याला त्या प्रमाणात गुण मिळतात. मग दोन दिवसांच्या पेपरांची तुलना रांगेवरून करावी लागत नाही. पण त्यासाठी प्रश्नांची मोठी पेढी हवी आणि ती वर्षानुवर्षं गुप्त राहायला हवी. आपल्याकडे परीक्षा झाली की मुलांना आपली उत्तरं आणि अॅन्सर की बघायला मिळते, शुल्क भरून आक्षेप घेता येतो. मुलीने ११८ चा हिशेब केला तो त्याच आधारावर. म्हणजे उघडेपणा हवा असेल तर एकदा वापरलेला प्रश्न गेला, आणि प्रश्न गेला की पर्सेंटाइलच उरतं. मला विचाराल तर उघडेपणा सोडू नये. शिफ्ट कमी करण्याइतके संगणक वाढवणं हा जास्त सरळ उपाय आहे.

आता वहिनी. कॉम्प्युटर बेरीज चुकत नाही, हे खरं. पण त्याला दिलेली अॅन्सर की माणसाने केलेली असते. २०२५ साली एका शिफ्टच्या गणिताच्या इंग्रजी पेपरात तब्बल २१ प्रश्न चुकीचे निघाले. संगणकाने ते इमानदारीत दाखवले, इमानदारीत तपासले असते, आणि त्या शिफ्टच्या मुलांची परीक्षा शेवटी पुन्हा घ्यावी लागली. एखादाच प्रश्न सदोष असला तर साधारणपणे त्याचे मार्क सगळ्यांना देतात. एकवीस प्रश्नांना तो उपाय कुठला पुरणार!

तेव्हा मुलीला एवढंच सांगा की तिची तुलना भाच्याच्या १११ शी झालीच नाही. कॅपचे ऑप्शन भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ बघायचे ते पर्सेंटाइलचे, मार्कांचे नव्हे. ११८ हा आकडा आता विसरला तरी चालेल.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षक. बारावीला भौतिकशास्त्रातलं डेरिव्हेशन फळ्यावर करायला घेतलं की मुलं विचारायची, "सर, हे सीईटीला येतं का?" तंत्रज्ञान आलं की शिकवणं सुधारेल असं आम्हाला सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते परीक्षेत आलं आणि वर्गातून निम्मा अभ्यासक्रम गेला. संगणकाला डेरिव्हेशन तपासता येणार नाही का?
– एक गुरुजी, संगमेश्वर

उत्तर : गुरुजी, मुलांचा प्रश्न उद्धट नव्हता, व्यवहारी होता. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत असतात, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. चुकलं तर मार्क कापत नाहीत. चारांतला एक पर्याय डोळे मिटून टिचकत गेलं तरी सरासरीने २०० पैकी ५० पदरात पडतात. एवढ्या वेळात सूत्र सिद्ध करत बसणारा मुलगा मागे पडतो. चारही पर्याय समीकरणात टाकून कुठला बसतो ते बघणारा पुढे जातो. ते कौशल्यही आहेच, फक्त तुम्ही शिकवत होता ते नव्हे.

दुसऱ्या बाजूला बारावीचा बोर्डाचा पेपर अजून हाताने लिहायचा आणि माणसाने तपासायचा आहे. भौतिकशास्त्राला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. डेरिव्हेशनला तिथे पायरीपायरीने मार्क आहेत. पण इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला बोर्डात पीसीएमला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के मिळाले की भागतं. पुढची सगळी यादी सीईटीवर लागते. मग मुलं बोर्डाकडे पासापुरतंच बघणार. पाठ्यपुस्तक तेच आहे, बालभारतीने त्यातलं डेरिव्हेशन काढलेलं नाही. वर्गातून ते गेलं, कारण ज्या परीक्षेवर प्रवेश ठरतो तिचं यंत्र फक्त चारांतला कुठला गोल निवडला एवढंच वाचू शकतं. म्हणून दोष द्यायचाच तर संगणकाला नका देऊ. सगळं वजन एकाच पारड्यात टाकण्याचा निर्णय माणसांनी घेतला.

संगणकाला डेरिव्हेशन तपासता येईल का, या प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली, संगणकावर तपासणं. यात उत्तरपत्रिका स्कॅन होते, शिक्षक ती पडद्यावर वाचून मार्क देतो आणि बेरीज यंत्र करतं. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने ही पद्धत सगळ्या अभ्यासक्रमांना एकदम लावली. स्कॅनिंग रखडलं, शिक्षकांना सरावच नव्हता, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. तेव्हापासून "कॉम्प्युटरने पेपर तपासले म्हणून घोळ झाला" असं लोक म्हणतात. खरं तर तेव्हाही पेपर माणसांनीच तपासले होते. घोळ झाला तो घाईचा. नीट तयारी करून लावली तर पद्धत वाईट नाही. बेरजेची चूक आणि न तपासता सुटलेलं पुरवणीचं पान, या पुनर्मूल्यांकनातल्या दोन नेहमीच्या तक्रारी तिने आटोक्यात येतात.

दुसरी गोष्ट, यंत्रानेच वाचून मार्क देणं. परदेशात इंग्रजी निबंधांवर हे बरीच वर्षं चालू आहे. जीआरईसारख्या परीक्षांत माणसाच्या गुणांबरोबर यंत्राचेही गुण बघतात. एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये काही विद्यार्थ्यांच्या मदतीने एक प्रोग्रॅम तयार केला. त्याला दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त शब्दांचा, व्याकरणशुद्ध आणि संपूर्ण निरर्थक निबंध पाडून देई. निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी त्याला भरघोस मार्क दिले. त्या यंत्रांना वाक्यांची लांबी, शब्दांचं वजन आणि परिच्छेदांची बांधणी मोजता येत होती, अर्थ मोजता येत नव्हता. नंतरची यंत्रं बरीच सुधारली आहेत. तरी बारावीच्या मुलाच्या घाईतल्या अक्षरात, खाडाखोडीत, तिसऱ्या पायरीवर चिन्ह चुकलं पण पुढची रीत बरोबर आहे, हे ओळखून चारपैकी तीन देण्यासाठी मला आज तरी यंत्रापेक्षा तुमच्यासारखा परीक्षक बरा वाटतो.

मधला एक मार्ग मात्र आपल्याकडे आहे. जेईई मेनमध्ये प्रत्येक विषयाचे पाच प्रश्न पर्याय न देता विचारतात आणि उत्तराची संख्या स्वतः टाकायची असते. पर्यायच नसल्यामुळे उलटीकडून येणं बंद, गणित करावंच लागतं. पायऱ्या तिथेही कोणी बघत नाही, पण पायऱ्या न करता उत्तर येतही नाही. सीईटीत असे दहा-पंधरा प्रश्न आले तर "सर, हे येतं का?" या प्रश्नाला तुमच्या जागी आलेल्या शिक्षकाला "येतं" म्हणता येईल.

प्रश्न : मुलगा म्हणतो, सरावाच्या ऑनलाइन परीक्षेत पर्याय निवडले होते तरी काही प्रश्न "नॉट आन्सर्ड" दिसले. आणि आम्ही ओएमआरचे गोल पेन्सिलने भरायचो, आता पेनने का?
– एक वडील, चिपळूण

उत्तर : पर्याय निवडणं आणि तो नोंदवणं ही बऱ्याच परीक्षांत दोन वेगळी कामं असतात. पर्यायावर टिचकी मारून "सेव्ह अँड नेक्स्ट" दाबलं तरच उत्तर जमा होतं. घाईत बाजूच्या चौकटीतला पुढचा प्रश्न क्रमांक दाबला, तर आधीचं उत्तर नोंदवलंच जात नाही. परीक्षेच्या सूचनांत हे लिहिलेलं असतं, पण सूचना वाचायच्या असतात हे सोळा-सतराव्या वर्षी कोणाला पटतं? सराव परीक्षेतच बोटाला सवय लावा. जेईई मेनमध्ये उत्तर नोंदवून "मार्क फॉर रिव्ह्यू" केलेला प्रश्नही तपासतात. प्रत्येक परीक्षेचा नियम तेवढा आधी बघून ठेवा.

पेन्सिलचं मूळ फार जुनं आहे. रेनल्ड जॉन्सन नावाच्या एका अमेरिकन शाळामास्तरांनी उत्तरं तपासणारं यंत्र बनवलं. ते आयबीएमने विकत घेऊन १९३८ मध्ये "८०५" या नावाने बाजारात आणलं. पेन्सिलच्या शिशातून वीज वाहते, एवढ्यावर ते चाले. गोलात शिसं असलं की प्रवाह सुरू, शाई असली की यंत्राच्या लेखी गोल कोराच. नंतरची यंत्रं उजेडावर चालतात. काळा गोल प्रकाश कमी परत फेकतो, म्हणून त्यांना पेनही चालतं, आणि पेनने भरलेला गोल नंतर कोणाला खोडून बदलता येत नाही. नीटला काळं बॉलपेन परीक्षा केंद्रावरच देतात.